न सांगायच्या गोष्टी गाणारा माणूस

"तुला त्यातलं कळतं तरी किती रे?"

आमच्या मंडळाच्या सहलीला जाताना माझ्या गाडीत बसलेले कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. बाबूजींची गाणी लावली तर कोणी काही विचारत नाही. पण त्यानंतर एखादा घोगरा, काहीसा दमलेला आवाज फ्रेंचमध्ये गाऊ लागला, की मागच्या सीटवरून हा प्रश्न येतो आणि पाठोपाठ दुसरा, "हा कोण बाबा?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : शार्ल अझनावूर. पहिल्याचे उत्तर मात्र लांबलचक आहे. एक्झिट चुकू न देता ते गाडीत देणे मला आजवर जमलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अझनावूरचे एखादे गाणे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते, फक्त ते त्याचे आहे हे ठाऊक नसते. 'नॉटिंग हिल' ह्या १९९९ सालच्या इंग्रजी चित्रपटात एल्व्हिस कॉस्टेलोने गायलेले 'शी' आठवते? त्याची चाल अझनावूरची. १९७४ साली त्याने स्वतः ते गायले तेव्हा ब्रिटनमध्ये चार आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होते. पण 'शी' म्हणजे अझनावूर नव्हे. खरा अझनावूर भेटतो तो त्याच्या फ्रेंच गाण्यांत. सभ्य माणसे चारचौघांत जे बोलत नाहीत ते तो गातो. फसलेले आयुष्य, निघून गेलेले तारुण्य, लपवलेली लाज, हे त्याचे विषय. आणि हे सारे तो कुणाची कीव न करता, 'मी' म्हणून, साध्या बोलीत सांगतो. एवढेच मला ह्या लेखात सांगायचे आहे. आता ते जरा फोड करून सांगतो.

माझी आणि त्याची गाठ पडली ती एका पार्किंग लॉटमध्ये. २००९ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. डॉक्टरेट होऊन तीन वर्षे झालेली, मुलगी वर्षाची, आणि मी एच-वन व्हिसावर. बायकोच्या नोकरीमुळे व्हिसाचे कसेबसे निभावले. पण मनाचे निभावेना. सात आठवडे मी हे कोणालाही सांगितले नाही. पुण्याला आईवडिलांना नाही आणि इथल्या मित्रांनाही नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि गावच्या लायब्ररीत जाऊन बसायचे. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाची वाटी हातात घेऊन मी दोघातिघांना "काम काय, चाललंय, फार बिझी" असे हसून सांगितल्याचे मला अजून आठवते.

माझ्याबरोबर त्याच दिवशी नोकरी गेलेला एक सहकारी मूळचा माँट्रियलचा होता. आपापली खोकी गाड्यांत ठेवताना त्याने स्वतःच्या गाडीतली एक सीडी काढून माझ्या हातात दिली. "तू पुण्यात फ्रेंच शिकलायस ना? मग ऐक," एवढेच म्हणाला. इंजिनिअरिंग करताना संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचा वर्ग केला होता, ते फ्रेंच मी एव्हाना बरेचसे विसरलो होतो. तरीही लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये ते पहिले गाणे मी लागोपाठ तीनदा ऐकले. त्याचे नाव 'ज म'व्वाये देजा', म्हणजे साधारण 'मला तर मी आधीच तिथे दिसत होतो'.

हे गाणे एका अयशस्वी गायकाचे आहे. वयाच्या अठराव्या वर्षी गाव सोडून तो राजधानीत आला. जाहिरातीच्या फलकावर आपले नाव सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत झळकते आहे असे त्याला दिसत होते. आता वय झाले. अजूनही तो फुटकळ ठिकाणी गातो, तोच जुना निळा सूट घालतो. चूक आपली नाही, लोकांना कळले नाही, अशी स्वतःची समजूत घालतो आणि एक दिवस आपलाही येईल म्हणतो. गोष्ट एवढीच. पण चाल ऐकाल तर चकित व्हाल. ती रडकी अजिबात नाही. ब्रास बँड, ठेका, उसळी, सगळा थाट एखाद्या यशस्वी नटाच्या प्रवेशाचा! प्रथम मला ह्याचा उलगडा होईना. तिसऱ्यांदा ऐकताना तो झाला. शब्द सांगतात ते त्याच्या आयुष्यात घडले, आणि वाद्ये वाजवतात ते त्याच्या डोक्यात चालले आहे. दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, आणि त्यांच्यामधले अंतर हेच ते गाणे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की डबा घेऊन लायब्ररीत येणारा मी एकटा नाही.

ह्या गाण्याचे नशीबही गमतीचे. अझनावूरने ते आधी ईव्ह मोंताँला देऊ केले होते, आणि एवढ्या मोठ्या गायकाने ते नाकारले. मग १९६० च्या डिसेंबरात पॅरिसच्या आल्हांब्रा थिएटरात त्याने ते स्वतःच गायले. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि टीकाकारांचा मार खाऊन खाऊन निबर झालेला होता. फसलेल्या गायकाच्या गाण्याने त्या गायकाला यशस्वी केले. त्या रात्रीनंतर त्याला मागे वळून पाहावे लागले नाही.

तोवरचा त्याचा प्रवास आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. त्याचे आईवडील आर्मेनियन. तुर्कस्तानात १९१५ पासून आर्मेनियनांची जी कत्तल झाली तिच्यातून आईचा जीव वाचला होता. वडील गायक, आई अभिनेत्री. थोरली बहीण आयदा वाटेत, ग्रीसमधल्या सालोनिकाला जन्मली. कुटुंबाला खरे तर जायचे होते अमेरिकेला. पॅरिसमध्ये ते व्हिसाची वाट पाहत थांबले असताना २२ मे १९२४ रोजी शार्लचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २६ मे १९२४ रोजी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या प्रसिद्ध इमिग्रेशन कायद्यावर सही केली, ज्याने देशोदेशींचे कोटे आवळले आणि आशियातल्या लोकांना दार जवळजवळ बंद केले. आपल्यासाठी ते दार पुन्हा नीट उघडले ते १९६५ साली. अझनावूर मंडळींचा व्हिसा आलाच नाही आणि ते पॅरिसचेच झाले. मधल्या स्टेशनावर उतरलेल्या ह्या कुटुंबाने फ्रान्सला त्याचा विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा गायक दिला.

नावाची कथा तर आपल्या ओळखीचीच वाटेल. पाळण्यातले नाव शाहनूर, आडनाव अझनावूरियन. प्रसूतिगृहातल्या फ्रेंच परिचारिकेला 'शाहनूर' जमेना, म्हणून 'शार्ल' झाले. आडनावाचे शेपूट रंगमंचासाठी पुढे त्याने स्वतः कापले. आपल्यापैकी किती जणांचे 'श्रीनिवास'चे 'श्री' आणि 'मकरंद'चे 'मॅक' झाले आहे!

वडिलांनी पॅरिसमध्ये 'कॉकस' नावाचे छोटे रेस्टॉरंट काढले. पैसे नसलेल्या देशबांधवांना फुकट जेवू घालून त्यांनी ते बुडवलेही. शार्लची शाळा अर्धवट सुटली आणि नवव्या वर्षी तो रंगमंचावर उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ह्या कुटुंबाने जिवावर उदार होऊन ज्यूंना आणि प्रतिकार चळवळीतल्या लोकांना घरात लपवले. मिसाक मानूशियान हा आर्मेनियन कवी आणि त्या चळवळीतला पुढारी त्यांचा घरोब्याचा मित्र. नाझींनी त्याला २१ फेब्रुवारी १९४४ रोजी गोळ्या घातल्या. तो पकडला गेल्यावर त्याच्या बायकोला, मेलिनेला, अझनावूरांनी आसरा दिला. बरोबर ऐंशी वर्षांनी, २०२४ साली, मानूशियान पतिपत्नींना फ्रान्सने पाँतेओंमध्ये, म्हणजे राष्ट्रपुरुषांच्या समाधिस्थळात, मानाने नेले. स्वतःचे बस्तान बसलेले नसताना दुसऱ्याला दार उघडणाऱ्या घरात हा मुलगा वाढला, हे त्याची गाणी ऐकताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युद्धानंतर एदिथ पियाफने त्याच्यातले गुण हेरले. १९४८ साली तो आणि त्याचा जोडीदार पिएर रोश न्यूयॉर्कला उतरले, तेही व्हिसाशिवाय! काही दिवस दोघे एलिस आयलंडवर अडकून पडले. पुढे माँट्रियलच्या नाइट क्लबात त्यांनी बराच काळ गाऊन पोट भरले. पियाफच्या आग्रहावरून त्याने आपल्या नाकाचे ऑपरेशन करून घेतले, आणि ते पाहून ती म्हणाली की मला आधीचेच बरे वाटत होते. ही गोष्ट तो स्वतःच हसत सांगे. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. आवाज घोगरा, जणू पडशाने बसलेला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचे नाव 'अझनव्हॉइस' असे फिरवले होते, म्हणजे 'ज्याला आवाजच नाही असा'. आपला आवाज, आपली उंची, आपले अपुरे शिक्षण अशा वैगुण्यांची यादी त्याने स्वतःच करून ठेवली होती. पण वैगुण्य झाकण्यात तो वेळ घालवत बसला नाही. अशा आवाजाला शोभतील अशी माणसे त्याने शोधली आणि त्यांना गाणी दिली.

आता थोडे तंत्राविषयी. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, तेव्हा एखादी गोष्ट आवडली की तिचे झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

फ्रेंच पद्यात ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नसतो. आपल्या अभंगासारखी अक्षरे मोजायची. त्यात एक गंमत आहे. फ्रेंच शब्दांच्या शेवटी पुष्कळदा एक मुका 'ए' असतो. बोलताना तो गिळतात, पद्यात मात्र पुढे व्यंजन आले तर तो मोजतात आणि उच्चारतात. आपण बोलताना 'देव' शब्दातला शेवटचा 'अ' गिळतो आणि अभंग म्हणताना तो पूर्ण उच्चारतो, तसेच हे. म्हणजे मुका 'ए' उच्चारला की भाषा पद्याची, भारदस्त होते, आणि गिळला की रस्त्यावरची होते. अझनावूर हे बटण जाणून दाबतो. 'ज म'व्वाये देजा' ह्या नावातच 'म' नंतरचा 'ए' खाल्लेला आहे, आणि छापतानाही तिथे तशी खूण करतात. कॅफेच्या टेबलाशी बसलेला माणूस जसे बोलेल तसे ते नाव आहे. व्याकरणशुद्ध, पूर्ण उच्चारांचे नाव दिले असते तर तो माणूस भाषण करतो आहे असे वाटले असते.

ही भाषा घरात पाळण्यापासून ऐकू आलेली नव्हती. घरात आर्मेनियन होती. फ्रेंच त्याने रस्त्यावर, नाटकात आणि वाचनातून कमावली. मला वाटते, बाहेरून आलेल्याला भाषेतले असे बारीक सांधे अधिक दिसतात. घरचा माणूस दार उघडून सरळ आत जातो. दाराची कडी कशी आहे हे पाहुण्याच्याच लक्षात येते.

दुसरे उदाहरण 'इएर आंकोर'. हे गाणे १९६४ चे, शब्द आणि चाल दोन्ही त्याचीच. नावाचा अर्थ 'अगदी कालपर्यंत'. मागे वळून पाहणारा एक माणूस आपण वीस वर्षांचे असताना वेळ कसा उधळला ह्याचा जमाखर्च मांडतो. इंग्रजीत हर्बर्ट क्रेट्झमरने त्याचे 'यस्टरडे व्हेन आय वॉज यंग' केले. पुढे 'ले मिझराब्ल'ची इंग्रजी गाणी लिहिणारा हाच तो. १९६९ साली रॉय क्लार्कने ते गाणे अमेरिकेत घरोघर नेले. बेसबॉलचा महान खेळाडू मिकी मँटल ह्याने आपल्या अंत्यविधीला हे गाणे गावे असे क्लार्कला सांगून ठेवले होते, आणि १९९५ साली डॅलसला क्लार्कने ते खरोखरच गायले. मँटलने आपली तब्येत दारूपायी घालवली होती आणि शेवटी ते उघडपणे कबूलही केले होते. त्याने हेच गाणे का निवडले असेल हे सांगायला नको.

ह्या गाण्याची चाल इतकी का लागते? तिच्या मुळाशी पाश्चात्त्य संगीतातले पंचमांचे चक्र आहे. आपल्या भाषेत सांगतो. पंचमावर थांबलेल्या कानाला षड्जावर यावेसे वाटते. ह्या गाण्यात प्रत्येक स्वरसमूह पुढच्याचा जणू पंचम असतो. त्यामुळे कान ओढीने पुढच्या 'सा'कडे जातो. पण तिथे पोहोचताच तो 'सा' पुन्हा त्याच्या पुढच्याचा पंचम होऊन बसतो. गाणे सतत घरी पोहोचत असते आणि पोहोचताक्षणी ते घर सोडत असते. वर पुन्हा तोच सुरांचा तुकडा दर खेपेला एकेक पायरी खाली उतरत जातो. गेलेल्या वर्षांबद्दलचे शब्द बाजूला ठेवले तरी कानाला जिना उतरल्याची जाणीव होते. शब्द कळत नसताना माझ्या बायकोचे डोळे ह्याच गाण्याला भरून आले होते. "तुला त्यातलं कळतं तरी किती" ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

'ला बोएम' हे १९६५ चे गाणे त्याचे सर्वांत प्रसिद्ध. चाल त्याची, शब्द जाक प्लांतचे. मुळात ते एका संगीतिकेसाठी केले होते आणि तिथे ते जॉर्ज गेतारी गात असे. एक चित्रकार आपले माँमार्त्रमधले उपाशी पण आनंदी दिवस आठवतो. पुढे कधीतरी तो तिथे परत जातो, तेव्हा ती गल्लीही ओळखीची उरलेली नसते आणि ते घरही. सुट्टीत पुण्याला गेल्यावर आपल्या जुन्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली इमारत पाहत फुटपाथवर थबकलेल्या कोणालाही हे गाणे समजवावे लागणार नाही.

रंगमंचावर हे गाणे गाताना अझनावूर हातात एक पांढरा रुमाल घेत असे. चित्रकार फडक्याला बोटे पुसतो तशी तो त्याला बोटे पुसे आणि गाणे संपताना रुमाल खाली टाकून देई. बस्स, एवढाच अभिनय. फ्रेंच परंपरेत गायक हा नटही असतो. तीनचार मिनिटांच्या गाण्यात एक पात्र येते, बोलते आणि जाते. आपल्याकडे नाट्यगीतात पात्र आधी नाटकाने उभे केलेले असते. इथे सारे नाटक गाण्यातच उरकायचे.

ह्या पात्रांत सर्वांत धाडसाचे पात्र १९७२ च्या 'कोम इल दीझ' ह्या गाण्यातले. नावाचा अर्थ 'लोक म्हणतात तसा'. आईबरोबर राहणारा, मांजर, कासव आणि पक्षी पाळणारा, तिची सेवा करणारा एक पुरुष रात्री क्लबात स्त्रीवेश करून पोट भरतो. तो समलिंगी आहे आणि लोकांच्या हसण्याला तो शांतपणे उत्तर देतो. त्या काळी हा विषय केवळ टवाळीचा होता. हे गाणे गाऊ नकोस असा सल्ला त्याला जवळच्या माणसांनीही दिला होता. त्याने ते गायले, आणि 'तो' म्हणून नव्हे, 'मी' म्हणून गायले. मला ह्यात त्याच्या सगळ्या गाण्यांचे मर्म दिसते. दुसऱ्याच्या लाजेबद्दल बोलायचे तर तिथे स्वतः उभे राहून बोलावे, लांबून बोट दाखवून बोलू नये.

आणखी एक गाणे 'ला मामा', १९६३ चे, शब्द रोबेर गालचे. आपल्या कानाला घोटाळा होईल, म्हणून सांगतो की ह्यातला मामा म्हणजे आई. इटालियन वळणाचे एक मोठे कुटुंब मरणाऱ्या आईच्या बिछान्याभोवती जमले आहे. लेकरे आली, नातवंडे आली, दूरदेशी गेलेली आली, घरातून दुरावलेला मुलगासुद्धा आला. गाणे भर घालते ती एवढ्याच गोष्टीची, की सगळे आले. रात्री अडीचला वाजणाऱ्या फोनची धास्ती घेऊन जगणाऱ्या आपल्या मंडळींना ह्या गाण्याबद्दल अधिक काय सांगू? माझ्या आईच्या वेळी मी चौथ्या दिवशी पोहोचलो. हे गाणे मी अजूनही गाडी चालवताना लावत नाही.

सगळीच गाणी अशी डोळ्यांत पाणी आणणारी नाहीत. १९६३ च्या 'फॉर मी फॉर्मिदाब्ल' मध्ये इंग्रजी प्रेयसीला पटवू पाहणारा फ्रेंच प्रियकर दोन्ही भाषांची खिचडी करतो. 'फॉर्मिदाब्ल' ह्या फ्रेंच शब्दातच इंग्रजी 'फॉर मी' ऐकू येते, ह्या कोटीवर सारा डोलारा उभा आहे. आपल्या मुलांचे मराठी ऐकण्याची सवय असलेल्यांना हे गाणे विशेष आवडेल. १९६७ च्या 'आंमने म्वा', म्हणजे 'मला घेऊन जा', ह्या गाण्यात उत्तरेकडच्या थंड बंदरातला एक हमाल दूर उन्हाच्या देशांची स्वप्ने पाहतो. गरिबी उन्हात कमी बोचेल असे त्याला वाटते. जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना मी हे गाणे गुणगुणतो आणि हसू येते. तो जिथे जायचे म्हणतो तिथूनच तर आपण आलो!

मग त्याचे आर्मेनियनपण कुठे गेले? पुष्कळ वर्षे ते गाण्यांत फारसे उघड दिसत नव्हते. १९७५ साली, त्या कत्तलीला साठ वर्षे झाली तेव्हा, 'इल साँ ताँबे', म्हणजे 'ते पडले', हे गाणे आले. चाल त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची, जॉर्ज गार्व्हारेंट्झची. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप होऊन सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. तेव्हा त्याने मदतीसाठी संस्था उभी केली आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या ऐंशीहून अधिक कलावंतांना एकत्र आणून गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली. २००८ साली त्याला आर्मेनियाचे नागरिकत्व मिळाले आणि २००९ साली तो त्या देशाचा स्वित्झर्लंडमधला राजदूत झाला. तुम्ही फ्रेंच की आर्मेनियन, ह्या नेहमीच्या प्रश्नाला तो कॉफीचे उदाहरण देई. दूध घातलेली कॉफी एकदा कालवली की त्यातले दूध कुठले आणि कॉफी कुठली हे वेगळे काढता येत नाही. आपल्या मुलांना कोणी असा प्रश्न विचारला तर देण्यासाठी हे उत्तर मी जपून ठेवले आहे.

२०१४ च्या सप्टेंबरात नव्वद वर्षांचा अझनावूर न्यूयॉर्कला गायला आला. आम्ही दोघे गेलो. प्रेक्षकांत फ्रेंच होते, आर्मेनियन होते, रशियन बोलणारे होते. मराठी बहुधा आम्ही दोघेच. समोर शब्द दाखवणारा पडदा होता आणि तो त्याने लपवला नाही. आता विसरतो म्हणून ठेवला आहे, हे तो प्रेक्षकांना सरळ सांगत असे. स्वर मधूनमधून निसटत होता. पण 'ला बोएम' सुरू झाले, रुमाल बाहेर आला, आणि नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या जागी तो चित्रकार उभा राहिला. शेजारची वृद्ध आर्मेनियन बाई ओठ हलवत होती. रुमाल पडला तेव्हा तिने माझा हात धरला. आमची काही ओळख नव्हती.

त्या रात्री घरी परतताना मी बायकोला म्हटले, "२००९ साली मी पाडव्याला सगळ्यांशी खोटं बोललो होतो." ती म्हणाली, "माहीत आहे. मला वाटतं, त्या पाडव्याला आणखी दोघं तरी तेच करत होते." पुढे चौकशी केली तेव्हा ते खरे निघाले. आमच्याच मंडळातल्या आणखी दोघांच्या नोकऱ्या त्या हिवाळ्यात गेल्या होत्या, आणि आम्ही तिघेही एकमेकांना बिझी असल्याचे सांगत श्रीखंड खात होतो. आपल्या अंकांतून मुलांच्या कॉलेज प्रवेशाच्या, नव्या घरांच्या, बढत्यांच्या बातम्या छापून येतात. त्या याव्यातच. पण बाकीचे जे घडते त्याला आपल्यात जागा नाही, आणि ते सांगायला शब्दही नाहीत. मला ते शब्द एका परक्या भाषेतून मिळाले. ती भाषा ज्याने घडवली त्यालाही ती मुळात परकीच होती.

अझनावूर १ ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या घरी गेला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. त्याआधी दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, तो जपानमध्ये गाऊन आला होता आणि पुढचे कार्यक्रम ठरलेले होते. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या अँव्हालीदच्या प्रांगणात त्याला राष्ट्रीय मानवंदना देण्यात आली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते, आर्मेनियाचे पंतप्रधान होते. शवपेटी आत आली ती दुदुक ह्या आर्मेनियन सुषिर वाद्याच्या सुरांत आणि बाहेर गेली ती 'आंमने म्वा'च्या सुरांत. ज्या शहरात आईवडील व्हिसाची वाट पाहत थांबले होते, त्या शहराने त्याला असा निरोप दिला.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी सुरुवात 'इएर आंकोर'पासून करावी, मग 'ला बोएम' ऐकावे, मग 'ज म'व्वाये देजा'. शब्दांचा अर्थ आधी वाचू नका. आधी नुसता आवाज ऐका. आणि पुढच्या सहलीला माझ्या गाडीत बसायचे असेल तर जरूर बसा. एकच विनंती आहे. एक्झिट जवळ आली असताना मला प्रश्न विचारू नका.